मिसळणाच्या डब्यातल्या नळ्या

लातूरच्या आमच्या घरमालकीणबाईंकडे स्टीलचा मिसळणाचा डबा होता आणि त्यात मिसळण सोडून सगळं होतं. मोहरीच्या वाटीत बारा नंबरची नळी, जिऱ्याच्या वाटीत वीस नंबरची, हळदीच्या वाटीत छत्तीसची. उरलेल्या वाट्यांत झाकणं, कापूस, मलमलीचं फडकं आणि धूळ उडवायचा रबरी फुगा. छत्तीसची जरा उंच होती, त्यामुळे डब्याचं झाकण बसायचं नाही. मग वरून पेटीकोटाची जुनी नाडी बांधलेली. खरी मोहरी आणि जिरं बिचारं कागदाच्या पुड्यांत फिरायचं. बाईंची वरणाची फोडणी कधी मेथीची निघायची, कधी कलौंजीची, आणि आपण काही बोललो तर बाई म्हणायच्या, "पुडीवर नाव लिहिलेलं न्हाई, मी काय करू? गुमान जेव."

ह्या नळ्या म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. कॅमेरा आणि त्याची लेन्स यांच्या मधे बसवायचं पोकळ कडं. आत काच नाही, काही नाही, नुसती हवा. लेन्स तेवढी पुढं सरकते, बस. पण तेवढ्यानं मुंगीच्या मिशा दिसायला लागतात. बदल्यात दोन गोष्टी जातात. उजेड कमी होतो, आणि लांबचं काही म्हणजे काही दिसत नाही. नळी लावलेल्या कॅमेऱ्यातून समोरच्या भिंतीकडं पाहिलं तर भिंत आहे का म्हैस, कळत नाही. जे बघायचं त्याच्या अगदी नाकाशी जावं लागतं.

मी तेव्हा लातुरात एका खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला नवीन लागलो होतो. खोली शोधत बाईंच्या दारात उभा राहिलो. ह्या बाई हायस्कुलातून सायन्सच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगा परदेशी. अंगात सहावार, पायात बुटं, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळीत बसावीत. माझं गाव कोणतं, जात काय, खातो काय, काही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडं बोट करून म्हणाल्या, "ह्याच्यात काय हाय?"

"कॅमेरा आहे."

"लेन्स निघती का त्याची?"

"निघते."

"मग सामान आण. खोली दिली."

तेव्हा वाटलं, काय भाग्य आपलं! खोली मला नव्हे, कॅमेऱ्याला मिळाली होती, हे पुढच्या आठवड्यात कळलं.

बाई माणसांनासुद्धा नळीचे नंबर लावायच्या. शेजारच्या काकू बारा नंबर: "जवळ येत्यात, पर बेतानं." दूधवाला वीस नंबर. आणि जो माणूस घरात शिरून पार चुलीपर्यंत चौकशी करतो तो छत्तीस. मुलगा फोन उचलायचा नाही तेव्हा म्हणायच्या, "बिनटिकलीचा झालाय मेला." हे टिकली प्रकरण असं, की चांगल्या नळीला आतल्या बाजूनं बारीक सोनेरी टिकल्यांची रांग असते. कॅमेऱ्याचा निरोप त्या टिकल्यांतून लेन्सला पोचतो. टिकल्या नसल्या की लेन्सला काही ऐकू जात नाही, तिचं भोक सताड उघडं राहतं, आणि फोटोत सुतळीएवढी रेघ तेवढी स्पष्ट येते. पुढं धुकं, मागं धुकं. बाईंनी पहिल्यांदा मोबाईलवरून मागवल्या त्या असल्याच होत्या. वर प्लास्टिकच्या! माझी लेन्स लावली तशी तिनं मान टाकली. मी ओरडलो, "बाई, पडली!" बाईंनी ती पदरात झेलली आणि मलाच झापलं, "कामून बोंबलायलास? धरली की!"

पण ह्या वयात, निवांत देवळात जाऊन बसायचं सोडून, हा उद्योग कशासाठी? मी विचारलं तेव्हा बाई पोळी लाटत होत्या. लाटणं खाली ठेवलं.

"उंबराचं फूल काढायचंय," म्हणाल्या. "आमच्या आत्याबाईला दावायचंय."

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. नव्वदीच्या आसपास, मुरुडला धाकट्या मुलाकडं राहायच्या. बाई नवी सून होऊन मुरुडच्या घरात गेल्या, पहिला स्वयंपाक केला. आत्याबाईंनी एकदा वाढलेलं खाल्लं आणि ताट पुढं सरकवलं. नव्या सुनेनं विचारलं, आवडलं नाही का? त्यावर आत्याबाई चार बायकांदेखत म्हणाल्या, "उंबराला फूल दिसंल ना, तवा तुझ्या हाताला चव येईल."

दुसरी कुणी असती तर डोळ्याला पदर लावून आत गेली असती. आमच्या बाई त्या काळच्या बी. एस्सी. त्यांनी तिथंच सांगितलं, "उंबराला फूल असतं. आत असतं. फळ म्हणता त्याच्या पोटात शेकड्यानं असतात."

आत्याबाई म्हणाल्या, "दाव!"

बाईंनी परसातल्या उंबराचं दोडं, म्हणजे कच्चं फळ, तोडलं, विळीवर चिरलं, पुढं धरलं. आत्याबाईंनी पाहिलं आणि सगळ्या बायका हसल्या. "ह्या बिया हायत्या गं पोरी. ह्येला फूल म्हनत्यात व्हय तुमच्या शाळंत?"

झालं! तेव्हापासून आत्याबाईंनी बाईंच्या हातचं कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. खायच्या, ताट सरकवायच्या, हात धुवायच्या. यजमान गेल्यावर खरं तर बाईंना मुरुडला जायची काही सक्ती नव्हती. तरी दर रविवारी ह्या स्कूटीवर बसून मुरुडला जात, धाकट्या जावेला बाजूला सारून स्वतः स्वयंपाक करत, आणि सरकवलेलं ताट बघून संध्याकाळी परत येत. आल्या की माझ्या खोलीच्या दारावर थाप मारून सांगायच्या, "आज शेंगदाण्याची आमटी केली हुती. म्हातारी एकदाच जेवली." जणू मॅचचा स्कोअर!

"अहो बाई," मी म्हणालो, "इंटरनेटवर उंबराच्या फुलाचे ढिगानं फोटो असतील. एक दाखवून टाका ना."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी नापास झालोच. "दुसऱ्याच्या झाडाचं? म्हातारीनं तिच्या परसातल्या झाडाचं मागितलंय. अन् घाई हाय मास्तर. तिचा एक डोळा गेलाय. दुसऱ्यावर पडदा यायलाय, अन् डॉक्टर ऑपरेशनला हात लावीना ह्या वयात. अजून दिसतंय तोवर दाखवायचंय. नंतर मी फूल आणलं काय अन् धोंडा आणला काय, सारखंच."

त्या दिवसापासून मलाही घाई लागली. खरं सांगतो, क्लासमध्ये फळ्यावर भिंगाची आकृती काढता काढता मी नळीचा हिशोब करायला लागलो होतो.

लातुरात टिकल्यावाल्या नळ्या मिळाल्या नाहीत. मग आम्ही नांदेडला गेलो, एसटीनं, डबा मांडीवर घेऊन. दुकान बऱ्यापैकी मोठं, बाहेर लग्नाच्या अल्बमांचे फोटो. दुकानदार पोरगेला, गोड बोलणारा. "हाव मॅडम, दाखवतो की. पण खरं सांगू का, नळीच्या नादी लागू नका. मॅक्रो लेन्सच घ्या, एकदम क्लियर."

"माझ्याकडं काच बक्कळ हाय," बाई म्हणाल्या. "मला पोकळच पाहिजे."

त्यानं तीन संच काढले. आणि मग आमच्या बाईंनी त्या काउंटरवर जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पर्समधून छोटी टॉर्च काढली. एक एक नळी डोळ्याला लावून आत उजेड मारला. पहिला संच बाजूला. "आतून चकाकतीय. उजेड आतल्या आत उड्या मारंल अन् फोटो पांढरा पडंल." दुसऱ्याच्या टिकल्या बोटानं दाबून पाहिल्या, एक टिकली आत गेली ती बाहेर येईना. बाजूला. तिसरा संच कडं धरून पिळला, मग माझ्याकडून लेन्स घेतली, तिन्ही नळ्या एकात एक लावल्या, कॅमेऱ्याला जोडल्या आणि तो सगळा जुगाड हवेत आडवा धरून सावकाश पन्नासपर्यंत आकडे म्हटले. लेन्सनं मान टाकली नाही. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. कुणी तरी विचारलं, "मावशी, आत काय हाय त्याच्यात?"

"काहीच न्हाई," बाई म्हणाल्या, "म्हनूनच इतकं निरखून घ्यावं लागतं."

दुकानदार हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडं कामाला येता का?" बाई म्हणाल्या, "फुरसत न्हाई."

आता वाटलं, जिंकलो. कसलं काय! मुरुडच्या परसात, आत्याबाईंची नजर चुकवून, आम्ही पहिलं हिरवं दोडं चिरलं आणि बघतो तर चीक! उंबराचा पांढरा चीक असा भळाभळा आला की फुलं, बिया सगळं दह्यात बुडाल्यासारखं. पुसलं तर फुलंच चिरडली. दुसरं चिरलं, तेच. शिवाय बाईंचा हट्ट की तिन्ही नळ्या लावायच्या. लावल्या, तर लेन्स दोड्याला इतकी टेकली की तिचीच सावली पडून आत अंधार गुडुप. मी म्हणालो बारा काढा, बाई म्हणाल्या का काढू, घेतल्यात कशाला. आमचं तिथं असं काही जुंपलं की घरातून आत्याबाईंचा आवाज आला, "थोरले, कुनाशी भांडायलीस?"

"कुनाशी न्हाई आत्याबाई! उंबराची भाजी करावं म्हनलं. चीक लई निघायलाय!"

आतून खोकला आला, आणि मग उत्तर. "अगं येडे, मिठाच्या पान्यात बुडवून चिर. अन् बुडवूनच ठेव घटकाभर. एवढं बी ठावं न्हाई, शाळा शिकवली म्हनं!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बाईंकडं. आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं आम्हाला हत्यार दिलं होतं! बाई तोंडावर पदर धरून इतक्या हसल्या की खाली बसल्या.

मिठाच्या पाण्यात चीक धुऊन गेला. बारा नंबरची नळी मी काढायला लावली. वीस आणि छत्तीस ठेवल्या. बारा निघाली तशी लेन्स आणि दोड्याच्या मधे बोटभर जागा झाली. त्या बोटभर जागेतून बाईंनी स्टीलच्या ताटलीनं ऊन आत वळवलं. मी श्वास धरला. आणि काय सांगू तुम्हाला! कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक अख्खं वावर उभं राहिलं. फिकट गुलाबी देठांवर दाटीनं उभी फुलं, प्रत्येकाच्या टोकाला बारीकसा तुरा, काहींवर पाण्याचा थेंब. मी "बाई!" एवढंच म्हणू शकलो. बाईंनी ताटली तशीच धरून, मान वाकडी करून पडद्यात डोकावलं.

आता म्हातारीच्या उरलेल्या डोळ्याला दिसावं म्हणून फोटो मोठा पाहिजे. एवढा मोठा फोटो आमच्याकडं एकाच ठिकाणी होतो. फ्लेक्सवाल्याकडं! फ्लेक्सवाल्यानं फोटो कॉम्प्युटरवर उघडला, इकडून तिकडून पाहिला आणि विचारलं, "खाली शुभेच्छुक कोण टाकू?"

"कशाचे शुभेच्छुक? फूल हाय ते!"

"मावशी, शुभेच्छुक नसला तर खालची जागा मोकळी दिसती. वाढदिवस कुणाचा हाय?"

"तुझ्या आज्ज्याचा," बाई म्हणाल्या. "जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

त्या रविवारी मुरुडला सकाळी दाराएवढा फ्लेक्स परसातल्या भिंतीवर टांगला. आत्याबाईंना धाकट्या जावेनं हाताला धरून आणलं, बाजेवर बसवलं. बाईंनी रेशमी लुगडं नेसलेलं. गेली कित्येक वर्षं मनात घोकलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं. "आत्याबाई, हे बघा तुमच्या उंबराचं फूल!"

म्हातारी उठली. फ्लेक्सपाशी गेली. डोळा किलकिला करून पाहिलं, नाक लावून पाहिलं, हातानं चाचपलं. मग आत्याबाई वळल्या आणि म्हणाल्या,

"फ्लेक्सवर काय बी छापत्यात गं. कालच्याला त्या टोळभैरवाचा फोटो वाघासंगं छापलाय चौकात."

बाईंचा चेहरा! खोटं नाही सांगत, एवढी धिप्पाड बाई, एका क्षणात नव्या सुनेएवढी झाली. मला म्हातारीचा इतका राग आला म्हणता! मी काही तरी बोलणारच होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मास्तर, डबा आण."

नाडी सोडली. वीस, छत्तीस, लेन्स. जावेनं मिठाचं पाणी आणलं. बाईंनी बूट काढून फेकले, फांदी ओढून पाटीभर दोडी तोडली, आत्याबाईंना पुन्हा बाजेवर बसवून त्यांच्या पुढ्यातच एक पाण्यात बुडवून चिरलं. म्हणाल्या, "आता बघा. ह्यात छापखाना न्हाई." मी कॅमेरा धरला, ताटली बाईंच्या हातात, आणि पडदा आत्याबाईंच्या डोळ्यापुढं. आधी धुकं. मी केसभर पुढं सरकलो. धुक्यातून फुलं वर आली.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "हालायलंय!"

खरंच हलत होतं. फुलांच्या दाटीतून एक चिलट, पंख झडलेलं, तुऱ्यांवरून तुऱ्यांवर वाट काढत चाललं होतं. उंबराच्या पोटात शिरलेली बारीक माशी ती. पडद्यावर ती बोटाएवढी दिसत होती. म्हातारी लहान पोरीसारखी पुढं झुकली. "आगं आगं, बघ कशी जायलीय! ह्या फुलावरनं त्या फुलावर! थोरले, बघ की!"

"बघायले आत्याबाई," बाई म्हणाल्या, आणि ताटलीनं ऊन त्या माशीमागं नेत राहिल्या.

माशी पडद्याच्या बाहेर गेली तरी आत्याबाई बघत होत्या. शेवटी मागं सरून बसल्या. "फूलच हाय," म्हणाल्या. एवढंच. मग बाजेवरच्या पाटीकडं हात केला. "तोडलेली दोडी वाया घालू नको. भाजी टाक त्याची."

बाई चुलीपाशी गेल्या ते जवळजवळ पळतच. मुरुडच्या घरातल्या मिसळणाच्या डब्यात खरं मिसळण होतं, त्यामुळे फोडणी बरोबर पडली. पण मिठाच्या पाण्यातली दोडी, आणि घाईत वरून पुन्हा मीठ! मी एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मेलो, म्हटलं. आता म्हातारी ताट सरकवणार.

आत्याबाई सावकाश जेवत होत्या. भाकरी मोडत होत्या, भाजीला लावत होत्या. आम्ही तिघंही त्यांच्या ताटाकडं बघत होतो. जावेनं तर भाकरीचं पीठ तसंच सोडलं होतं. भाजी संपली. आत्याबाई म्हणाल्या, "मीठ लई झालंय."

बाईंनी खाली मान घातली.

"वाढ आनिक," आत्याबाई म्हणाल्या, आणि ताट पुढं धरलं. सरकवलं नाही, धरलं.

बाईंच्या हातात पळी होती आणि पळी हलेना. मग एकदम जोरात ओरडल्या, "मास्तर! फोटो!"

मी कॅमेरा उचलला. नळ्या तशाच लावलेल्या! पडद्यावर बाई म्हणजे हिरवा ढग, आत्याबाई म्हणजे पांढरा ढग. "बाई, नळी!" मी ओरडलो. "काढतो, थांबा!"

"काढू नको! ताट खाली ठिवलं तर? जवळ जा!" बाई ओरडल्या. "जवळ जा रे!"

मी गुडघ्यावर आलो. सरकत, सरकत, ताटापाशी. धुकं, धुकं, आणि मग एकदम एक अंगठा स्पष्ट झाला. ताटाच्या काठावर घट्ट दाबलेला, सुरकुत्यांनी भरलेला, नखाशी भाकरीचा कण आणि उंबराची हिरवी साल. मी बटण दाबलं.

वरून आत्याबाई म्हणाल्या, "ह्या पोराला कुनी तरी बाजूला घ्या. तिला वाढू द्या की."

त्या अंगठ्याचाही बाईंनी फ्लेक्स केला. दाराएवढा. लातूरच्या स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याच्या वर, तो मी खोली सोडली तेव्हाही टांगलेला होता. फ्लेक्सवाल्यानं तो करताना कॉम्प्युटरवर तो अंगठा बराच वेळ पाहिला, मग नेहमीसारखं विचारलं, "मावशी, खाली शुभेच्छुक कोण टाकू? का जागा मोकळी?"

मला वाटलं, आता ह्याला पुन्हा आजा आठवणार. बाईंनी पदरानं चष्मा पुसला.

"टाक," म्हणाल्या. "थोरली सून."